अठ्ठावन्न चाळीस

रविराज सरांना पैशांची आवड होती. म्हणजे रुपयाच्या पुढच्या पैशांची. येत्या हंगामात वाइनच्या द्राक्षांना किलोला किती दर मिळेल, हे त्यांनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दीडशे वर्गणीदार शेतकऱ्यांना कळवले: सदतीस रुपये दहा पैसे. मी विचारले, वरचे दहा पैसे कुठून आले? ते म्हणाले, मॉडेलमधून. मॉडेल म्हणजे त्यांच्या लॅपटॉपवरची एक एक्सेल फाइल होती आणि तिच्यात दहा वर्षांचे दहा आकडे होते. दहा आकड्यांवरून माणसाने फार तर सरासरी काढावी आणि गप्प बसावे. सरांनी चक्र काढले होते. दोन वर्षे चढ, दोन वर्षे उतार, दोन चढ, दोन उतार, दोन चढ. म्हणून यंदा उतार. एवढे तर बालवाडीतले पोरही मणी ओवताना सांगते, पण ते त्याची वर्गणी घेत नाही.

बारामतीत भिगवण रस्त्याला एका टायरच्या दुकानावर आमचे ऑफिस होते. पाटीवर लिहिले होते: ‘भावचक्र, शेतमाल दर भाकीत केंद्र’. खाली सरांचे नाव आणि नावाआधी ‘डॉ.’ होते. ही पदवी कुठल्या विद्यापीठाची, हे मी एकदा शोधून पाहिले. पदवी राहू द्या, विद्यापीठच सापडले नाही. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून वर्षभर तिथे काम करत होते. काम असे की सरांनी जो आकडा सांगितला असेल, त्याच्यामागे आलेख उभा करायचा. चढ हिरवा, उतार लाल. सरांना आलेख ‘जरा जाड’ हवा असे.

गुरुवारी दुपारी कळसहून आत्याचा फोन आला. राजलक्ष्मी आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या विजयसिंह मामांची, एकोणीस एकर बागायत आहे. बहुतेक ऊस, तीन एकर खायची द्राक्षे, आणि विहिरीकडची अडीच एकर शिराझ. शिराझ ही वाइनची काळी द्राक्षे. दाणा हरभऱ्याएवढा, आत बीच जास्त. खायला घ्यावीत अशी नव्हेत. जमीन मामांच्या नावावर असली तरी ती बाग आत्याची होती. अकरा वर्षांपूर्वी खुंट लावल्यापासून तिची एकही छाटणी आत्याने दुसऱ्याच्या हाती दिली नाही. त्या वेळी गाव हसले होते. मग पहिल्या तोडणीला वायनरीचा माणूस आला, त्याने दाणे चिरडून साखर मोजली आणि आत्याला मॅडम म्हटले. कळसमध्ये तिला कोणी मॅडम म्हणण्याची ती पहिली वेळ होती. पुढे दर वर्षी तो माणूस आधी तिच्याच बागेत येऊ लागला.

आता मामांनी सोमवारी जेसीबी सांगितला होता. बाग उपटायची, तारा आणि अँगल भंगारात, आणि नोव्हेंबरात ऊस.

“तुज्या हाफिसाचा कागद आलाय,” आत्या म्हणाली. “सदतीस रुपय म्हनं. त्यो खरा हाय का, येवढंच सांग.”

मी म्हणाले, बघून सांगते.

“सोमवारच्या आत बग. नंतर बगून मला काय करायचंय.”

त्या संध्याकाळी सर गेल्यावर मी मूळ नोंदी काढल्या. दर वर्षी ऑफिसमधून साठ-सत्तर शेतकऱ्यांना फोन करून वाइनच्या द्राक्षांचा दर विचारला जाई आणि त्यांच्या उत्तरांची सरासरी त्या वर्षाचा दर म्हणून फाइलमध्ये जाई. याच्या पलीकडे सरांना कधी रस नव्हता. नोंदवह्या कपाटाच्या तळाशी होत्या. प्रत्येक पानावर फोन करणाऱ्याची सही आणि तारीख. चढाच्या सहा वर्षांत सह्या निरनिराळ्या होत्या, शेवटची माझी. उताराच्या चारही वर्षांत एकच सही होती: दत्तोबा. आणि तारीख मार्चची. आम्ही बाकीच्यांनी फोन केले होते ते जुलैत.

मला वाटले होते की चक्र फसवे निघेल. ते इतके स्वस्त निघेल असे वाटले नव्हते.

दत्तोबा कोऱ्हाळे बुद्रुकचे. एका साखर कारखान्याच्या शेती विभागात बत्तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेले. ते भावचक्रमध्ये दोन वर्षे काम करून रुसून गेले, दोन वर्षांनी परत आले, पुन्हा दोन वर्षांनी रुसले. दोन्ही वेळा कारण एकच, सर त्यांना सर्वांसमोर ‘अहो दत्तोबा’ न म्हणता ‘ए दत्तोबा’ म्हणाले. शुक्रवारी मी सुट्टी टाकून त्यांच्याकडे गेले. ते दारातल्या खुर्चीत बसून पेपरमधल्या कारखान्याच्या जाहीर नोटिसा वाचत होते. मी विचारले, आबा, तुम्ही द्राक्षवाल्यांना फोन करायचात, तेव्हा नेमके काय विचारायचात?

“काय इचारनार? उचल किती म्हनायचो.”

“दर नाही विचारलात?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पुण्यात शिकायला जाऊन दोन वर्षे नुसती बसने फिरत होते. “शिमग्याला दर कुनाला ठावं असतोय? शिमग्याला उचल असती. दर बेंदराला कळतो.”

इथे ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कारखाना ऊस नेतो तेव्हा सगळे पैसे देत नाही. आधी पहिली उचल देतो आणि उरलेले हप्त्यांनी. इथल्या माणसाच्या रक्तात हे इतके मुरले आहे की वायनरी आली तेव्हा तिलाही तीच रीत लावावी लागली. द्राक्षे गेली की शिमग्याला उचल, आणि बाकीचे बेंदराला, बैल सजवायच्या दिवसांत. उचल छत्तीस-सदतीस, बाकी सोळा-सतरा. जुलैत ज्यांना विचारले त्यांनी पूर्ण दर सांगितला, मार्चमध्ये दत्तोबांनी ज्यांना विचारले त्यांनी उचल. फाइलमध्ये दोन्हींच्या वर शब्द एकच, ‘दर’.

म्हणजे दहा वर्षांत दर पडलाच नव्हता. तो पन्नास ते पंचावन्नच्या मध्ये रेंगाळत होता. चक्र दराचे नव्हते. ते दत्तोबांच्या रुसण्याचे होते.

निघताना ते म्हणाले, “रविराजचा फोन आल्ता. ह्या शिमग्यापास्नं पुन्यांदा या म्हनला. अहो-जाहो करत हुता.”

म्हणजे भाकीत खरेच ठरणार होते. मार्चमध्ये दत्तोबा उचल विचारतील, सदतीस रुपये आकडा येईल, आणि सर छापतील: आमचा अंदाज अचूक.

शनिवारी मी सरांना सगळे सांगितले. नोंदवह्या टेबलावर उघडून सह्या दाखवल्या. मला वाटले होते ते चिडतील किंवा घाबरतील. दोन्ही झाले नाही. त्यांनी पाने उलटली, हसले, आणि म्हणाले की मी चांगले काम केले आहे, पुढच्या वर्षी आपण ‘उचल-समायोजित दर’ असा वेगळा अहवाल काढू आणि त्याची वर्गणी वेगळी ठेवू. मी म्हणाले, पुढच्या वर्षी नाही, आज कळवायला हवे. लोक बागा उपटत आहेत. ते म्हणाले, किती? मी म्हणाले, मला एक माहीत आहे. ते म्हणाले, एक हा नमुना होत नाही, हे तर तुलाच जास्त कळते.

मग समजावणीच्या सुरात म्हणाले, “वृषाली, शेतकऱ्याला आकडा लागतो. खुलासा त्याच्या कामाचा नसतो. तू त्याला खुलासा देशील आणि तो समोरच्याकडून आकडा घेईल.”

हा माणूस त्याच्या धंद्यातले काहीच शिकला नव्हता. गिऱ्हाईक मात्र त्याने पाठ केले होते. मी नोंदवह्यांचे फोटो काढले आणि रविवारी सकाळी कळसला गेले.

बंगल्यापुढे शेडमध्ये मामांजवळ दोघे बसलेले होते. एक मानसिंग, शेजारच्या बांधाचा; पन्नाशीचा, घड्याळ सोन्याचे, वेळ कधीच न पाळणारा. दुसरे अप्पा, मामांचे चुलतभाऊ, जे कोणत्याही बैठकीत फक्त शेवटच्या माणसाशी सहमत होतात. दोघांकडे खायच्या द्राक्षांच्या जुन्या बागा. आत्या बाजूला पायरीवर शेंगा सोलत होती. तिने मला बस म्हटले आणि पुढे काही विचारले नाही.

मी उचलीची गोष्ट सांगितली. एक गोष्ट कबूल करते, ती समजायला त्यांना मला लागला त्याच्या निम्मा वेळही लागला नाही. मी ‘शिमग्याला फोन’ एवढे म्हणताच मामा खो-खो हसू लागले. मानसिंगने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, डाक्टर झाला आन् उचल कळंना. मग तिघांनी मिळून रविराज सरांचे वडील, त्यांचे सुप्याजवळचे जिराईत रान आणि त्यांनी एकदा उभारलेला शहामृगांचा प्रकल्प यांची यथासांग उजळणी केली. मामांनी कागद चुरगाळून फेकला. मला वाटले, झाले.

मामांनी डोळे पुसले आणि विचारले, “मग खरा आकडा किती?”

मी सांगितले की पुढच्या वर्षाचा दर सांगता येत नाही. गेल्या दोन वर्षांची सरासरी चौपन्न आहे. पण वायनरी किती माल घेईल, पाऊस छाटणीनंतर येईल की तोडणीला, दुसरीकडे किती लागवड झाली आहे, यांतले काहीच आपल्याकडे मोजलेले नाही. पंचेचाळीस होऊ शकतो, साठही होऊ शकतो.

माझ्याबद्दलचे त्यांचे मत बदलताना मी समोर बसून पाहत होते.

“म्हंजी तुला ठावं न्हाय,” मामा म्हणाले.

“कुणालाच नाही, मामा.”

“त्यानं चुकीचा सांगितला, पर सांगितला तरी. तू पुन्याला जाऊन ‘ठावं न्हाय’ शिकून आलीस व्हय? ते तर आमचा अप्पाबी सांगतोय.”

अप्पांनी मान डोलावली. मानसिंग म्हणाला, मुलींना आत्मविश्वास कमीच असतो, त्याच्या सुनेचेही तसेच आहे. हे त्याने सहानुभूतीने सांगितले. मामांनी पुढे हिशेब केला. पंचावन्नच्या खाली दर असेल तर वाइनच्या द्राक्षांपेक्षा ऊस बरा. ऊस उभा राहतो, त्याला बाईमाणसाने दिवसभर काडी-काडी जपावी लागत नाही. आकडा कोणालाच माहीत नसेल तर जेसीबीचा माणूस तरी माहीत होता. तो उद्या सातला येणार होता.

मी आत्याकडे पाहिले. ती शेंगा सोलत नव्हती. हातातली शेंग तशीच होती.

“त्यांना आकडा सांग, वृषाली,” ती म्हणाली.

चौपन्न सांगितले असते तर मी निदान सरासरी तरी सांगितली असती. पण चौपन्नला बाग जाणार होती. पंचावन्न सांगितले असते तर मामांनी घासाघीस केली असती. मी मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला, सात-आठ वेळा बोटे फिरवली. कशाचा कशाशी गुणाकार केला ते मला आजही सांगता येणार नाही. समोर मानसिंगची बुलेट उभी होती. तिच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे चाळीस होते.

“अठ्ठावन्न रुपये चाळीस पैसे,” मी म्हणाले.

मामा पुढे सरकले. “चाळीस?”

“चाळीस.”

“मग आधी का न्हाय बोलली?”

मी म्हणाले की आकडा कच्चा होता, पुन्हा तपासला. यावर तिघांचेही समाधान झाले. मामांनी खिशातली डायरी काढून आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली. मग जेसीबीवाल्याला फोन करून सांगितले की उद्या नको. रुपये त्यांनी ऐकून घेतले असते, पण पैशांनी त्यांना जिंकले. एवढा बारीक आकडा कोणी उगाच कशाला सांगेल?

आत्याने शेंग सोलली आणि दाणे पातेल्यात टाकले.

मी बारामतीला परत आले तेव्हा मला वाटत होते की माझा खोटेपणा अडीच एकरांचा आहे. बुधवारी मामांचा फोन आला. ते खायच्या द्राक्षांच्या तीनही एकरांच्या माना कापून जुन्या खुंटांवर शिराझची कलमे बांधणार होते. मानसिंग चार एकरांवर बांधणार होता. अप्पा मानसिंगच्या नंतर बोलले होते, म्हणून तेही चार एकरांवर. शुक्रवारपर्यंत आकडा इंदापूरला पोहोचला. शनिवारी मला सुप्याहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याच्या गावाला पाणी टँकरने येते आणि त्याला शिराझ लावायची होती. त्याला आकडा अठ्ठावन्न पंचेचाळीस असा कळला होता आणि पाच पैशांची खात्री करून घ्यायची होती.

मग मी खरे सांगायला सुरुवात केली. आधी मामांना. मी म्हणाले, तो आकडा मी मनाने सांगितला, बाग वाचावी म्हणून. कृपा करून कलमे बांधू नका. मग मामा हळू आवाजात म्हणाले की माझे बरोबर आहे, आकडा गावभर व्हायला नको होता, त्यांनी मानसिंगला सांगायलाच नको होते. मी मानसिंगला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, पोरी, आत्याच्याच बागेला दर मिळावा म्हणून आम्हाला मागे सारतेस होय? अप्पांचे मत मानसिंगसारखेच होते. माझ्या खोट्यावर त्यांनी एका दुपारीत विश्वास ठेवला. माझे खरे त्यांना लबाडी वाटले, आणि लबाडी त्यांना इतकी ओळखीची होती की त्यांनी चारऐवजी पाच एकर ठरवले.

सोमवारी रविराज सरांनी मला केबिनमध्ये बोलावले. मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला नाही. म्हणाले, “अठ्ठावन्न चाळीस माझ्या कानावर आलं. चांगला आकडा आहे. लोकांना आवडलाय. आपण सुधारित अहवाल काढू, तुझ्या नावानं.” मी सांगितले की ते चाळीस पैसे एका बुलेटच्या नंबरप्लेटवरचे आहेत. ते मनापासून हसले. त्यांनी विचारले, मग माझे दहा पैसे कुठले होते, असे तुला वाटले?

मी राजीनामा टेबलावर ठेवला आणि जिना उतरले. पुढच्या आठवड्यात अहवाल निघाला. माझ्या नावाआधी डॉ. होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला फळछाटणी आली तेव्हा मी कळसला गेले. आत्या विहिरीकडच्या बागेत होती. एरवी छाटलेल्या काड्या बांधावर टाकून देतात. या वर्षी ती एकेक काडी निवडत होती. पिकलेली, पेन्सिलीच्या जाडीची, चांगल्या डोळ्यांची. शंभर-शंभरांच्या जुड्या बांधून ओल्या पोत्यात गुंडाळत होती. कलमांसाठी सगळ्यांना शिराझच्या काड्या हव्या होत्या आणि आसपास शिराझ फक्त तिच्याकडे होती.

मी तिच्याजवळ बसले आणि मोजून दाखवले. कळस आणि आजूबाजूला मिळून मला माहीत असलेले चौसष्ट एकर. सगळ्यांचा पुरता माल चौथ्या वर्षी एकदम येणार. वायनरीच्या टाक्या आहेत तेवढ्याच राहणार. त्या वर्षी दर पडेल, आणि या वेळी तो खरोखर पडेल; दत्तोबा असोत की नसोत. त्या वर्षी मामा पुन्हा जेसीबी सांगतील. हे मी केले आहे, मी म्हणाले.

आत्याने जुडीची सुतळी दातांनी तोडली.

“तुज्या सरानं चार दिस दिल्ते,” ती म्हणाली. “तू चार वर्सं दिलीस. गप काड्या मोज.”

मी मोजू लागले. थोड्या वेळाने बांधावर बुलेट थांबली आणि मानसिंग उतरला. त्याला चाळीस जुड्या हव्या होत्या. आत्याने भाव सांगितला. तो माझ्याजवळ येऊन वाकला आणि कोणी ऐकणार नाही अशा आवाजात त्याने विचारले, अठ्ठावन्न चाळीसच्या पुढच्या सालचा आकडा काय?

मी म्हणाले, मला माहीत नाही.

त्याने डोळा मारला. मग सरळ होत आत्याला म्हणाला की चाळीस नको, साठ जुड्या दे.

आत्याने जुडीमागे पाच रुपये वाढवून सांगितले. त्याने ते दिले.